मास्तरांचं क्रियापद आणि फुईचा मांडा

माघ लागला की आमच्या घरासमोरचं अख्खं पटांगण लाल व्हायचं. रनाळ्याकडच्या शेतातली मिरची गाड्या भरभरून नंदुरबारच्या आमच्या घरी यायची, दारापुढे पसरली जायची, आणि मग होळीपर्यंत घरातलं प्रत्येक माणूस शिंकतच बोलायचं. आबा बोलायचे तेव्हा मात्र कोणी शिंकत नसे. माझे वडील अंगाने किरकोळ, पण आवाज असा की पटांगणातून हाक मारली तर परसातली म्हैस मान वर करी. माय त्यांच्यासमोर फारसं बोलत नसे, ती भांड्यांशी बोले. रागावली की पातेली जरा जोरात आपटत, एवढ्यावरूनच आम्ही ओळखायचं. आणि तिसरी फुई. आबांची थोरली बहीण. लग्न झालं न झालं तोच कपाळ पांढरं होऊन ती भावाच्या घरी परत आली होती. खापरावरचे मांडे करावेत ते फुईनेच. आमच्या जातीत कुठेही लग्न निघालं की फुईला गाडी पाठवत. मांडवात तिला कोणी बोलवत नसे, हळदीकुंकवाच्या वेळी ती आपणहून मागच्या दारी जाऊन बसे, पण चुलीपाशी तिच्याशिवाय कोणाचं पान हलत नसे. या गोष्टीचा मला तेव्हाही राग यायचा, आता तर फारच येतो.

मी मॅट्रिकच्या वर्गात होते. वर्गात मुलगी मी एकटीच, भिंतीकडेच्या बाकावर. आबांनी मला इंग्रजी शाळेत घातलं म्हणून भाऊबंदांनी त्यांना कमी बोल लावले नाहीत. आबांनी ते सगळे ऐकून घेतले आणि मला शाळेत पाठवत राहिले. पुढे जे घडलं ते वाचताना एवढं लक्षात ठेवावं, माझे वडील काही दुष्ट नव्हते.

इंग्रजी शिकवायला पुण्याकडचे एक मास्तर होते. काळा कोट, त्याच्या बाहीवर कायम खडू, आणि मिरचीने डोळ्यांना कायम धार. आमची बोली त्यांना कळत नसे आणि त्यांचं पुणेरी आम्हाला पचत नसे. ते रोज एक क्रियापद घेत. एक दिवस म्हणाले, "जाणं, येणं, खाणं ही क्रियापदं गुरांनाही लागतात. आज माणसांचं क्रियापद घेऊ." आणि फळ्यावर लिहिलं, अचीव्ह. मराठीत अर्थ सांगेनात. 'मिळवणे' म्हटलं तर मान हलवली, 'जिंकणे' म्हटलं तर हलवली, 'करणे' म्हटलं तर खडू खाली ठेवला. "ज्याने त्याने आपल्या जगण्यातलं एक खरं वाक्य सांगायचं," म्हणाले. पहिल्याने सांगितलं, "माय फादर अचीव्ह्ड अ बफेलो." मास्तर म्हणाले, "विकत घेतली. अचीव्ह केली नाही. पैसे मोजले की कोणालाही म्हैस येते." दुसऱ्याने ताप अचीव्ह केला. वर्ग हसला, मास्तर हसले नाहीत. मग म्हणाले, "आपोआप आलं ते यात बसत नाही. बापाने दिलं तेही नाही. काम असं पाहिजे की ते फसण्याची धास्ती होती. आणि ते व्हावं म्हणून तुमचा जीव त्यात अडकलेला पाहिजे. दुसऱ्याने सांगितलं म्हणून केलं तर ते नुसतं केलं."

माझी पाळी आली. मी उभी राहिले, "आय" म्हणाले आणि पुढे काहीच सुचेना. लाज नव्हती, खरंच काही नव्हतं. जे केलं ते सांगितलं म्हणून केलं होतं. शिवाय आमच्या घरात 'मी केलं' असं बायामाणसांनी कधी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. पन्नास पानं उठली आणि मायला कोणी विचारलं तर ती म्हणे, "व्हई गयं माय." जणू स्वयंपाक आपला आपण चुलीवर चढला होता. मास्तर म्हणाले, "बसा. शोधून ठेवा." हल्ली माझ्या नातवाला हापिसात रोज वेळेवर गेल्याबद्दल अचीव्हमेंटचा कागद मिळतो, तो भिंतीला लावतो. मास्तर असते तर खडू फेकून मारला असता.

त्याच आठवड्यात आबा जेवता जेवता म्हणाले, "शनवारले शहादाकडना पाव्हना ई ऱ्हायनात. मांडानी तयारी ठेवज्यात. सुपारी फुटनार."

माझा घास हातात राहिला. सुपारी फुटली म्हणजे शब्द दिला गेला. पाहुण्यांसमोर अडकित्त्यात सुपारी कातरली की मग आभाळ पडलं तरी लग्न मोडत नाही. मी विचारलं, "आबा, मन्ही परीक्षा?"

"पोऱ्याना आजला खाटवर शे. त्याले नातसून दखनी शे. फागुनमाच लगीन," आबा म्हणाले. "परीक्षा पुढला सालले बी येस. असं घर येवाव नही."

मुलाचा आजोबा अंथरुणाला खिळला होता, त्यासाठी ही घाई. पुढच्या साली परीक्षा येणार होती हे खरं, पण मी तेव्हा तापीपलीकडच्या चुलीपुढे असणार होते, आणि तिथून परीक्षेला परत आलेली एकही मुलगी मला माहीत नव्हती. मायने पातेलं आपटलं. आबांनी तिकडे पाहिलं, पातेलं गप्प झालं. दुपारी मी मायच्या मागे लागले तर ती म्हणाली, "मी काय बोलू माय? मन्हं कोन आयकस?" आणि डोळ्यांना पदर लावला. मिरचीमुळे की कशामुळे, ते तिने सांगितलं नाही.

आता मांड्याची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आजकाल मुली दुकानातून पोळी आणतात आणि ती खापरावरची आहे असं सांगतात. आमच्या घरांत रिवाज असा की सुपारीच्या दिवशी मुलीने पाहुण्या बायांसमोर एक मांडा टाकायचा. मुलगी कशी दिसते, काय वाचते हे पुरुष विचारत, बाया फक्त मांडा बघत. वस्त्रगाळ कणीक मळून, तिंबून, आपटून अशी मऊ करायची की बोटाला लागली तर बोटासारखीच वाटली पाहिजे. तिच्यात पुरण भरायचं, जरासं लाटायचं, आणि मग दोन्ही हातांवर घेऊन या हातावरून त्या हातावर झुलवत कोपरापर्यंत वाढवायचं. मग उपड्या तापलेल्या खापरावर अलगद अंथरायचं. वाटेत फाटला तर पुरण निखाऱ्यात. फाटला तरी पाहुणे काही बोलत नाहीत. जेवतात, हात धुतात आणि 'कळवतो' म्हणून जातात. ते कधीच कळवत नाहीत. नंतर मात्र वर्षानुवर्षं 'तिचा मांडा फाटला' हे शेपूट मुलीमागे राहतं, आणि ज्या बाईने शिकवलं तिच्याही मागे.

फुईने मला शिकवायला घेतलं. परसात वेगळी चूल मांडली. पहिले सगळे मांडे फाटले. म्हैस त्या दिवसांत पुरणावर वाढली. फुई ओरडत नसे, तेच वाईट होतं. फाटला की ती नुसती दुसरा गोळा हातात द्यायची. "हातले घाई करू नको," म्हणायची, "घाबरेल हात कनीक वळखस." मी मनात म्हणायचे, वळखू दे घाबरलेला हात. कारण तोवर माझ्या डोक्यात एक विचार येऊन बसला होता आणि तो हालायला तयार नव्हता. शनिवारी मांडा फाडायचा. कोणाशी भांडायला नको, आबांना उलट बोलायला नको, रडायला नको. अंगठ्याचं नख मध्यावर टेकवलं की काम झालं. पाहुणे 'कळवतो' म्हणतील, परीक्षा होईल. शेपूट लागलं तर लागलं. हे ठरल्यावर माझे हात एकदम मोकळे झाले आणि गंमत अशी की मांडे साधायला लागले. फुई खूश झाली. तिला खूश झालेली बघूनही मी ठरवलेलं सोडलं नाही.

शनिवारी सकाळी फुईने माझे हात आपल्या हातात घेऊन उलटसुलट पाहिले. "नखं काढी टाक," म्हणाली. मी काढली. उजव्या अंगठ्याचं ठेवलं. चुलीशी बसताना तिने पुन्हा एकदा माझ्या हाताकडे पाहिलं आणि लाकडं सारायला लागली. 

पाहुणे ऊन चढायच्या आत आले. मुलाचे वडील उंच, पांढरा पटका, मिरचीने शिंकून शिंकून बेजार. मुलगा आला नव्हता, तसा रिवाजच नव्हता. मुलाची आई आली होती. जाड भुवयांची, कमी बोलणारी बाई. बरोबरच्या बाया इकडचं तिकडचं बोलत होत्या, ही मात्र येऊन भिंतीला टेकून बसली आणि सरळ माझ्याकडे बघत राहिली. पुरुष पुढच्या ओटीवर बसले. मधल्या दारातून आबांचा आवाज येत होता, नेहमीपेक्षा हळू, आर्जवी. आबांचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता, तो ऐकून मला त्यांची कीव आली आणि स्वतःचीही.

मी बांगड्या उतरवून ठेवल्या. फुईने खापरावर पाणी शिंपडलं, ते चर्र करून उडून गेलं. मी गोळा लाटला, हातांवर घेतला. बाया बोलायच्या थांबल्या. मांडा तळहातांवरून मनगटांवर आला, मनगटांवरून पुढे सरकू लागला. कणीक त्या दिवशी अशी काही जमून आली होती की काय सांगू. खाली माझ्या हातांवरची लव दिसावी इतका तो पातळ झाला, तरी तुटेना. मी अंगठा मध्याकडे नेला. आता टेकवायचं. आता. भिंतीशी बसलेली ती बाई पुढे वाकली होती. माय दारात उभी होती, तिने ओठ दाताखाली धरला होता. फुई मात्र माझ्याकडे बघतच नव्हती, विस्तवाकडे बघत होती.

त्या क्षणी मला काय झालं ते मी आयुष्यभर स्वतःला विचारलं आहे. एक म्हणजे मला कळलं की आज फाडला तर पुढल्या पाहुण्यांसमोरही फाडावा लागेल, त्याच्या पुढल्यांसमोरही. मला काय हवं आहे हे कोणाला कधी कळणारच नाही, सगळे एवढंच म्हणतील की पोरीला येत नाही. आणि दुसरं म्हणजे तो मांडा मला फार आवडला. तो पुरा व्हावा असं मला इतकं वाटलं, इतकं वाटलं, की तसं मला तोवर कशाबद्दलच वाटलं नव्हतं. मास्तरांनी फळ्यावर लिहिलेलं मला तेव्हा समजलं, चुलीपुढे, घामाने निथळत असताना. मी अंगठा बाजूला घेतला, आणखी एक झोका दिला आणि मांडा खापरावर अंथरला. खापर काठोकाठ झाकलं गेलं. कुठे एक भोक नाही.

बाया एकदम बोलायला लागल्या. मुलाची आई फक्त म्हणाली, "हात चांगला शे पोरना." मायने सुटकेचा श्वास टाकला. मला मात्र रडू फुटायच्या बेतात होतं, कारण आपल्याच हाताने आपण दार लावून घेतलं हे मला कळत होतं.

जेवणं झाली. दूध, तूप, मांडे, कुरडई, कटाची आमटी. पाहुणे ढेकर देत हात धुवून बसले. ओटीवर ताट आलं. कुंकू, नारळ, सुपारी. आबांनी सुपारी अडकित्त्यात धरली. मी मधल्या दाराच्या आड उभी होते, हातांना अजून पीठ होतं. आणि मी बाहेर आले. डोक्यावरचा पदर नीट आहे की नाही तेही पाहिलं नाही.

"आबा, थांबा."

घरात असं शांत झालं की पटांगणात मिरची उलथणाऱ्या बायांचं बोलणं ऐकू यायला लागलं. आबा माझ्याकडे बघत राहिले. मुलगी ओटीवर येऊन पुरुषांत बोलते हे त्यांच्या ध्यानातच येईना.

"मन्ही परीक्षा व्हवू द्या," मी म्हणाले. आवाज फाटला. "मंग तुम्ही सांगशात तठे मी जासू. पन पयले परीक्षा."

मुलाचे वडील उठून उभे राहिले. "पाटील, आमले बलाईसन हाई काय चाली ऱ्हायनं? पोरले इचारीसन सुपारी फोडतस का आते?"

आबांच्या तोंडाचा रंग गेला. "जमने, आत जाय," ते म्हणाले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी गेले असते. मी तशीच उभी राहिले. आणि तेवढ्यात माझ्यामागे कोणीतरी आलं. फुई. सुपारीच्या ताटासमोर, कुंकवासमोर, पांढऱ्या कपाळाची फुई. उभ्या जन्मात ती अशा वेळी ओटीवर आली नव्हती. पाहुण्यांतल्या एकाने तोंड फिरवलं.

"भाऊ, मी अठे येवानं नही, हाई मी जानस," ती म्हणाली. "पन आयकी ले. तिनी अंगठानं नख ठेयेल व्हतं. मी सकायीच दखं. मांडा फाडीसन ती सुटी जाती, कोनले समजतं बी नही. तिनी फाडा नही. तिनी पुरा करा, अन् मंग तोंडवर सांगं. आते तू ठराव."

आबा तिच्याकडे बघत होते, मग माझ्या हाताकडे. मी अंगठा मुठीत लपवला, पण तोवर त्यांनी पाहिला होता. शेवटी आतून मुलाची आई आली. तिने आपल्या नवऱ्याला निघायची खूण केली, मग माझ्यासमोर उभी राहिली. तिच्या तोंडावर राग नव्हता, मायाही नव्हती. "मांडा गोड व्हता, पोर," म्हणाली. "पन आमना म्हातारा वाट दखी ऱ्हायना. त्याले परीक्षा समजावाव नही. आमले दुसरी पोर दखनी पडी." आणि गाडीकडे चालू लागली. ती 'कळवतो' म्हणाली नाही, याचं मला आजही बरं वाटतं.

त्यांना त्याच महिन्यात दुसरी मुलगी मिळाली. तिकडे आता ऊसच ऊस आहे, साखर कारखाना आहे, आणि त्या घरची नातवंडं परदेशी शिकतात असं ऐकते. मला वाईट वाटत नाही. मास्तरांना मी वाक्य कधीच सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही आणि मला त्यांच्यासाठी ते इंग्रजीत बसवावंसंही वाटलं नाही.

गाडी गेली तसे आबा अडकित्ता ताटात ठेवून पटांगणात गेले. बायांना त्यांनी घरी पाठवलं आणि एकटेच मिरची उलथत राहिले. जी मिरची उलथून झाली होती तीही पुन्हा उलथली. भाऊबंद येऊन गेले, काय बोलायचं ते बोलून गेले, आबांनी मान वर केली नाही. माय भांड्यांशीही बोलेना. मी चुलीशेजारी बसून होते. वाटत होतं, आता शाळा संपली, परीक्षाही संपली, आणि आबाही संपले. सुपारी फुटली असती तर निदान आबा तरी माझे राहिले असते असं क्षणभर वाटलं. फुई परसात जाऊन बसली होती. तिला या घरात ठेवतील की नाही, ही आणखी एक धास्ती माझ्या मनाला लागली होती.

दिवेलागणीला आबा आत आले. डोळे लालभडक. पाटावर बसले. सकाळपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं, पाहुण्यांच्या पंक्तीत वाढण्यातच होते. मायने ताट केलं. मांडे पाहुण्यांना आणि आल्यागेल्याला वाढून संपले होते. फुई परसातून आली आणि मुकाट्याने खापराखाली लाकूड सारून गोळा हातात घेतला.

"तू नको," आबा म्हणाले. "ती टाकी."

मी उठले. हात धुतले, गोळा घेतला. हात असे थरथरत होते की लाटतानाच कडा उचलली जात होती. हातांवर घेतला, एक झोका दिला, दुसरा दिला, आणि मांडा मधोमध फाटला. पुरण चुलीत पडलं, करपल्याचा वास सुटला. अर्धा मांडा माझ्या कोपरावरून लोंबत राहिला. मी तसाच तो खापरावर टाकला, उलटवला आणि फुईकडे बघितलं. तिने नाही म्हणून मान हलवली. दुसरा गोळा दिला नाही.

आबांनी ताट पुढे केलं. "दे. फाटेल बी पोटमाच जास."

ते खाली मान घालून खात होते. तूपही मागितलं नाही. खाऊन झाल्यावर पाणी प्याले, तांब्या खाली ठेवला आणि विचारलं, "परीक्षा कोठे शे?"

"धुळाले," मी म्हणाले.

आबांनी ताट बाजूला सारलं. "मंग तठे तू एकली कशी जाशी," ते म्हणाले, "मीच येसू संगे."